पल्ल्याच्या दोरीची पकड: खिळे, पत्रा की पितळ?

वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत पल्ल्याच्या कडेला दोरी धरून ठेवणारा धातूचा तुकडा बोटाएवढाही नसतो. एक-दोन स्क्रू, दोरी ओवायला भोक, संपले. बसवल्यावर तो दिसतही नाही, म्हणून तो निवडायला कोणी वेळ देत नाही. मेस्त (सुतार) जे आणतो ते बसते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर दोरी तुटली की दोष दोरीला दिला जातो. बहुतेक वेळा दोरीचा काही दोष नसतो.

गोव्यातली बहुतेक जुनी जनेले (खिडक्या) बिजागरीवर उघडतात, त्यांना ही पकड लागत नाही. दोरीचे एक टोक पल्ल्याला आणि दुसरे कप्पीवरून पोकळ चौकटीत टांगलेल्या वजनाला, अशी तोललेली, सरकत्या पल्ल्यांची जनेले थोडी आहेत. पोर्तुगीजमध्ये त्यांना ‘जनॅला द गिल्योतीना’ म्हणतात, म्हणजे गिलोटिनची, वरून पाते पाडून शिरच्छेद करणाऱ्या यंत्राची खिडकी. दोरी सुटली तर आठ-दहा किलोचा पल्ला थेट खालच्या चौकटीवर येतो. घरात लहान मुले असतील तर हे नाव नेहमी लक्षात ठेवावे.

बाजारात या पकडीचे जे प्रकार मिळतात, त्यांच्याबद्दल आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. किनाऱ्याजवळच्या घरासाठी भरीव पितळेची स्क्रूने बसणारी क्लिप घ्यावी, किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पत्र्याची. जस्त चढवलेली साधी क्लिप समुद्रापासून दूर, आत सांगे-केपे किंवा वाळपईकडे चालून जाईल; कळंगुट, बाणावली, वास्को इथे ती घेऊ नये. खिळ्यांनी दोरी ठोकण्याची जुनी पद्धत तात्पुरत्या कामाला ठीक आहे. दोरी काढता-घालता येणारी सुटी पकड कामाची आहे, पण तिला शिस्त लागते.

ही निवड ताकदीवरून करायची नसते, हे आधी समजून घ्यावे. ९० सेंटिमीटर रुंद, ७५ सेंटिमीटर उंच सागवानी पल्ला धरा. लाकूड साधारण साडेचार किलो, ३ मिलिमीटर काच चार किलोच्या आत. एकूण साडेआठ. दोन्ही बाजूंना एकेक वजन, म्हणजे एका पकडीवर सव्वाचार किलोच्या आसपास ताण. एवढा भार पातळ पत्रासुद्धा आरामात सोसतो. पकड बिघडते ती तीन कारणांनी: गंजते, दोरी कापते, किंवा चुकीच्या उंचीवर बसलेली असते. विकणारे मात्र तिन्हींऐवजी ‘मजबूत आहे’ एवढेच सांगतात.

गंजापासून सुरुवात करू. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात लाकूड फुगते, खाचेतला ओलावा सुकत नाही, आणि खारी हवा असतेच. जस्ताचा थर कापलेल्या कडांवर आणि भोकाच्या काठावर आधीच उघडा पडलेला असतो. गंज तिथून सुरू होतो, नेमका जिथे दोरी टेकते तिथे. सुती दोरीला हे दुहेरी बाधते: खरखरीत काठ तिला घासतो आणि लोखंडाचा गंज सुताचा धागाच कमकुवत करतो. दोरीवर तपकिरी डाग दिसला की तिथला धागा नखाने खरवडून पाहावा. भुसा पडला तर तीच वेळ दोरी बदलण्याची. ओल्या सागवानात लोखंडामुळे काळा डागही पडतो, तो सहजी जात नाही.

पितळ म्हणून जे विकले जाते ते पितळ असेलच असे नाही. दुकानात चुंबक घेऊन जावे. चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा. ती क्लिप साध्या पत्र्याइतकीच टिकेल. स्टेनलेसमध्ये चुंबकाची परीक्षा उपयोगाची नाही, कारण ३०४ आणि ३१६ दोन्हींना तो चिकटत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढतो. फरक मॉलिब्डेनमचा: ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते, आणि खाऱ्या हवेत उपयोग त्याचाच. ३०४ लगेच खराब होत नाही, पण चहाच्या डागासारखे ठिपके धरते. म्हणून दर्जा बिलावर लिहून घ्यावा.

स्क्रूबद्दल एक चूक जवळजवळ सगळीकडे दिसते. क्लिप पितळेची घेतात आणि स्क्रू डब्यातला लोखंडी वापरतात. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांतला लवकर गंजणारा धातू झिजतो, आणि झिजणारा तुकडा लहान असेल तर फार वेगाने झिजतो. इथे लहान तुकडा म्हणजे तो लोखंडी स्क्रू. पितळी क्लिपला पितळी स्क्रू किंवा स्टेनलेसचा. स्टेनलेस क्लिपला फक्त स्टेनलेस. ४ मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर लांब पुरतो. पितळी स्क्रू सागवानात थेट पिळला तर मान तुटते. आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा पूर्ण आत घालून बाहेर काढावा, मग आटे पडलेल्या भोकात मेण लावलेला पितळी स्क्रू हाताने बसवावा.

आता दोरी कापण्याचे. दाबून काढलेल्या पत्र्याला भोक एका बाजूने ठोकलेले असते, म्हणून दुसऱ्या बाजूला काठ उलटलेला राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. कापसाचा बोळा भोकातून आत-बाहेर फिरवावा. तंतू अडकले तर काठ धारदार आहे. हाच बोळा क्लिपच्या बाहेरच्या कडांवरूनही फिरवावा. गोल कानसीने दोन्ही बाजूंचे काठ गोलसर करायला एका क्लिपला दोन मिनिटे लागतात, आणि दोरीचे आयुष्य त्यावर ठरते. जस्त चढवलेल्या क्लिपवर मात्र कानस फिरवली की जस्त जाते. तिच्याविरुद्धचा आमचा खरा आक्षेप हाच. कानस फिरवली तर गंजते, नाही फिरवली तर कापते. ओतीव पितळेच्या क्लिपला हा प्रश्न सहसा येत नाही, तिचा काठ मुळातच जाड आणि गोल असतो.

६ मिलिमीटर दोरीसाठी भोक ७ मिलिमीटर असावे. याहून मोठे असेल तर गाठ हळूहळू आत ओढली जाते. गाठ इंग्रजी आठच्या आकड्याची बांधावी. ६ मिलिमीटर दोरीत ती साधारण २० मिलिमीटर जाड होते. तिला बसायला पल्ल्याच्या कडेत २५ मिलिमीटर व्यासाचा, २२ मिलिमीटर खोल खळगा लागतो. गाठ खळग्याबाहेर थोडी जरी राहिली, तरी पल्ला सरकताना चौकटीवर घासू शकते. क्लिपचेही तसेच. ती खाचेत पूर्ण बुडालेली हवी. वरून सपाट पट्टी ठेवून पाहावी. पट्टी डुलली तर पटाशीने खाच आणखी खोल करावी. स्क्रूचे डोके वर राहत असेल तर क्लिपचे भोक खोलगट करावे.

गाठ नको असलेल्यांसाठी गुंडाळीची पकड मिळते. स्प्रिंगसारख्या वळ्यांत दोरी फिरवायची आणि ती घर्षणावर धरून राहते. सुती दोरीवर ती छान काम करते. गुळगुळीत पॉलिस्टर दोरी मात्र तिच्यातून सरकू शकते, आणि इथल्या हवेत सुतापेक्षा पॉलिस्टर घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. नायलॉन ओले झाल्यावर ताणले जाते, ते नको. त्यामुळे गुंडाळीची पकड या यादीतून आपोआप गळते.

उंचीची चूक सगळ्यात जास्त त्रास देते, आणि ती कोणत्याही महाग क्लिपने भरून निघत नाही. वरच्या चौकटीपासून कप्पीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. समजा ते १२ सेंटिमीटर आहे. पल्ल्याच्या माथ्यापासून खाली तेवढ्याच अंतरावर खूण करा. पकडीचा सगळ्यात वरचा बिंदू या खुणेच्या खाली किमान ३ सेंटिमीटर असला पाहिजे, म्हणजे इथे १५ सेंटिमीटरवर. याच्यापेक्षा वर बसवली तर पल्ला पूर्ण वर जाण्याआधीच पकड कप्पीशी येते. मग लोक जोर लावतात, दोरी पकडीच्या काठावर मुडपते आणि दोन-तीन महिन्यांत तिथेच तुटते. खिळ्यांच्या पद्धतीत हे हमखास होते, कारण चार खिळ्यांपैकी एक तरी ‘अजून पक्के व्हावे’ म्हणून वर ठोकला जातो. फार खालीही जाऊ नये, पण वरच्या सांध्याच्या कुसवात खळगा पडणार नाही हे आवर्जून पाहावे. कुसू पोखरले की पल्ल्याचा कोपराच ढिला होतो.

खिळ्यांबद्दल अजून एवढेच, की प्रत्येक वेळी दोरी बदलताना जुनी भोके सोडून नवी पाडावी लागतात. तीन-चार वेळा असे झाले की कडेचे लाकूड चाळणीसारखे होते. क्लिपचा खरा फायदा इथे आहे: एक स्क्रू काढला की दोरी हातात.

सुटी होणारी पकड वेगळ्या कामासाठी आहे. दोरीच्या टोकाला धातूचा मणी, पल्ल्यावर चावीच्या भोकाच्या आकाराची पट्टी. मणी वर सरकवला की दोरी मोकळी. वरच्या मजल्यावर बाहेरून काच धुता येत नाही तिथे पल्ला काढून घरात आणता येतो, आणि शेवाळ चढलेल्या भिंतींच्या या प्रदेशात ही सोय लहान नाही. मात्र दोरी सोडण्याआधी ती चौकटीवरच्या हुकाला बांधलीच पाहिजे, नाहीतर वजन पोकळीत पडते आणि दोरी कप्पीतून आत जाते. पल्ला झटक्याने वर ढकलला तर दोरी क्षणभर ढिली पडून मणी निसटूही शकतो. पट्टीचे अरुंद तोंड झिजलेले दिसले तर पट्टी बदलावी, वाकवून घट्ट करू नये.

पकड बदलताना वजनेही तपासावीत. वरच्या पल्ल्याची दोन्ही वजने मिळून पल्ल्यापेक्षा अर्धा किलोभर जास्त हवीत, म्हणजे तो वर टिकतो; खालच्याची तेवढीच कमी, म्हणजे तो बंद राहतो. काच ३ ऐवजी ५ मिलिमीटर बसवली तर आधी धरलेल्या ९० बाय ७५ सेंटिमीटर मापाचा पल्ला अकरा किलोच्या आसपास जातो आणि प्रत्येक वजन साडेपाच किलोचे लागते. ४ सेंटिमीटर व्यासाच्या गोल ओतीव लोखंडात ते ६१ सेंटिमीटर लांब होते. दीड मीटर उंच खिडकीच्या पोकळीत एवढे लांब वजन वर जाताना गाठीसकट कप्पीला टेकते आणि वरचा पल्ला पूर्ण खाली येत नाही. तेच वजन शिशात ३९ सेंटिमीटरमध्ये बसते. पल्ला अडतो म्हणून क्लिपवर जोर काढण्यापेक्षा हे आधी मोजावे.

काम दसऱ्यानंतर काढावे. पल्ला जागेवर धरणारी आतली पट्टी काढण्याआधी रंगाची रेघ धारदार सुरीने कापावी, नाहीतर पट्टीबरोबर चौकटीचा लाकडी तुकडा निघतो. जुनी दोरी कापण्याआधी वजन धरून ठेवावे. नवी दोरी कप्पीतून घालायला जाड दोऱ्याला वाकवलेला खिळा बांधून आत सोडावा आणि पोकळीच्या खालच्या झाकणातून ओढून घ्यावा. वजन सगळ्यात खाली असताना तळापासून ५ सेंटिमीटर वर लटकले पाहिजे. पॉलिस्टरचे टोक ज्योतीवर वितळवून बंद करावे. पल्ल्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ३ मिलिमीटर मोकळीक ठेवावी; मार्चमध्ये घट्ट बसवलेला पल्ला जुलैत हलत नाही. आणि गणेश चवथीच्या आधी घर रंगवायला घेतले, तर रंगाऱ्याला दोरी आणि पकड झाकून घ्यायला सांगावे. रंग लागलेली दोरी कप्पीवर वाकत नाही, तडकते.

दोन पल्ल्यांच्या एका दीड मीटर उंच जनेलाला चार क्लिपा, चार स्क्रू आणि ७ मीटर दोरी लागते. त्यातली दीडेक मीटर कापाकापीत जाते. चारही दोऱ्या एकदमच बदलाव्यात. क्लिपा पाच घ्याव्यात: पाचवीचा उपयोग खाचेचे माप काढायला होतो, आणि पुढे एखादी बदलायची वेळ आली तर त्याच मापाची दुसरी मिळेल याची खात्री नसते.