वीस दिवसांत भेंडीला फूल येत नाही, हे मला माहीत होतं

गावच्या घराची दुरुस्ती करून देतो म्हणत एका माणसाने आम्हाला फसवलं, एकूण 1,65,000 रुपये गेले. सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले त्यातले होते. लिहायची लाज वाटते, तरी लिहिते, कारण तोच माणूस याच जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या तरी बंद घराचं कुलूप बघत फिरत असणार.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, आम्ही मुंबईच्या उपनगरात. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं वर्षभर बंद, गणपती आणि शिमग्याला तेवढी उघडतात. 2025 च्या माघी गणपतीला गेलो तेव्हा पडवीच्या रीपांना वाळवी लागलेली दिसली. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. शिमग्याला पालखी घरी येईल तेव्हा छप्पर धड असावं आणि परसात पूर्वीसारखी भाजी असावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. तिथेच हा माणूस भेटला. ‘गावच्या घराची देखभाल आणि परसबाग’ असं काम करतो म्हणाला. मोजमाप घेतलं, वाशांवर टकटक करून कुठला पोकळ आहे ते सांगितलं, सासूबाईंच्या पाया पडला. कुणालाही खरा वाटला असता.

2 फेब्रुवारीला छपराचे आगाऊ 60,000 दिले. त्याच दिवशी वाफे, बियाणं, शेणखताच्या दोन ट्रॉल्या आणि ठिबक यांचे 22,500. ठिबकचं अनुदान मिळवून देतो म्हणून सातबारा आणि आधारची झेरॉक्सही घेतली. ठिबकचं अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आपण स्वतः अर्ज केल्यावर, पूर्वसंमती मिळाल्यावर खरेदी केली तरच मिळतं आणि थेट आपल्या खात्यात जमा होतं. मध्ये कुणी माणूस लागत नाही. हे मला नंतर कळलं.

14 फेब्रुवारीला सागाच्या रीपा आणि ऐनाचे वासे, 48,000. 20 फेब्रुवारीला 600 मंगलोरी कौलं, 42 रुपयांनी 25,200. दर वेळी पैसे वेगळ्या नावाच्या खात्यावर. पिन टाकण्याआधी ॲपवर ते नाव येत होतं आणि मी ते वाचत होते. ‘लाकूडवाल्याचं खातं आहे, ताई.’ ‘कौलवाल्याला थेट टाका, मध्ये माझा हात नको.’ हे ऐकून उलट तो प्रामाणिक वाटला. खात्यावरचं नाव आणि समोरचा माणूस एक नसेल तर पैसे टाकू नका, कारण काहीही सांगितलं तरी.

आता तो फोटो. 10 फेब्रुवारीला पेरणी झाली असं त्याने कळवलं होतं. 2 मार्चला फोटो आला: भेंडीच्या दोन ओळी, पिवळी फुलं आणि एका झाडाला बोटभर भेंडी. वीस दिवसांत! मी शेतकऱ्याची मुलगी आहे. भेंडीला फूल धरायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. वीस दिवसांत चार पानं आली तरी पुष्कळ. आणि माती! फोटोतली माती काळीभोर होती. आमच्या परसात जांभ्याची तांबडी माती आहे, धुतलेल्या पायालाही तिचा रंग राहतो. फोटो मोठा करून पाहिला, पोटात काहीतरी हललं आणि मीच स्वतःची समजूत घातली की शेणखत भरपूर पडलंय म्हणून काळी दिसते, रोपं तयार आणून लावली असतील. भेंडीची रोपं कोण आणून लावतं? सासूबाईंना फोटो दाखवला तर त्यांना अंधुक दिसलं, फक्त हिरवं दिसलं आणि त्या रडल्या. त्यांचा तो चेहरा बघून मला शंका घ्यायची नव्हती, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशी, 3 मार्चला, मजुरीचे म्हणून 9,300 आणखी पाठवले.

शेजारच्या चुलत जावेला एक फोन केला असता तर सगळं उघड झालं असतं. पण बांधावरून भावकीत सहा वर्षं बोलणं नाही. पुढच्या तारखेला कोर्टात समोर यायचं, तिला कुठल्या तोंडाने विचारू? तुमचं कुणाशी भांडण असेल तर असू दे. पैसे पाठवायच्या आधी त्यालाच फोन करा.

8 मार्चपासून फोन बंद. 11 ला पोचलो. पडवीवर एक कौल नव्हतं. नवीन काही आलं नव्हतंच, उलट जुनी चांगली कौलं आणि फणसाचे दोन जुने वासे टेम्पोत घालून नेले होते. जाऊ म्हणाली, ‘आम्हाला वाटलं तुम्हीच काम काढलंत.’ परसात दोन वाफे खणून सोडलेले आणि ओटीवर बियाण्याची पाच पाकिटं, न फोडलेली, वैधतेची तारीख उलटलेली. बियाण्याच्या पाकिटावर चाचणीची आणि वैधतेची तारीख असते, लॉट नंबर असतो. फोटोत फक्त पुढची बाजू पाठवली जाते. मागची मागा.

पालखी आली तेव्हा सासूबाई उघड्या पडवीत उन्हात उभ्या राहिल्या. त्यांनी ओटी भरली आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत.

यापुढचं सांगताना अजून हात थरथरतात. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पैसे काढून झाले होते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. इथलं पोलीस ठाणं म्हणालं, घर गावाला आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे मुंबईतून गेले, तिकडे जा. तिसऱ्या खेपेला एका साहेबांनी सांगितलं की हा ठेकेदाराशी दिवाणी वाद आहे, वकील बघा. वासे उपटून नेले हा दिवाणी वाद? दुसऱ्याच्या शेताचे फोटो दाखवून पैसे घेतले हा व्यवहारातला मतभेद? सासूबाई बाहेरच्या बाकावर अडीच तास बसल्या होत्या. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. एकाने तर मलाच विचारलं, ‘शिकलेल्या दिसता, मग एवढे पैसे दिलेच कसे?’

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलिसांना नोंदवून घ्यावीच लागते. हे तोंडपाठ करून जा. फसवणुकीचं जुनं कलम 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, तेही. नोंदवत नसतील तर लेखी तक्रार टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. आम्ही पाठवली, पोच जपून ठेवली आहे. स्क्रीनशॉट, मेसेज, पावत्या, काही पुसू नका. रागाच्या भरात ह्यांनी त्या माणसाचे सगळे मेसेज पुसून टाकले. माझ्या फोनवर होते म्हणून वाचलं.

काम करून घ्यायचंच असेल तर लाकूड गावात उतरल्यावर, आपल्या माणसाने मोजल्यावर पैसे द्या. व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि म्हणा, आधी तुळस दाखव, मग परस दाखव, फोन खाली न ठेवता.

पडवीवर 6,400 ची ताडपत्री टाकून आलो होतो. जूनच्या आत कौलं चढवू असा हिशोब होता. त्या वर्षी कोकणात पाऊस मे महिन्यातच कोसळला. ताडपत्री वाऱ्याने फाटली आणि माजघराची मातीची भिंत एका रात्रीत बसली. चुलत जावेने फोन करून सांगितलं. आमच्या तक्रारीपुढे अजून ‘तपास चालू’ एवढंच लिहिलेलं आहे.