उस्तादांची शिस्त की लाँजची दोरी? मुंबईत घोडेस्वारी शिकण्याआधी

मुंबईत घोडेस्वारी म्हटली की पहिलं नाव निघतं महालक्ष्मीचं. १८८३ चं रेसकोर्स, आणि तिथेच १९४२ मध्ये स्थापन झालेला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब. शहरात आणि शहराबाहेर आता इतर शाळाही आहेत. चौकशीला जाणारे फी विचारतात, अंतर विचारतात, सकाळची बॅच किती वाजता ते विचारतात. शिकवतात कसं, हे फारसं कुणी विचारत नाही.

जुनी पद्धत फौजेतून आलेली. शिकवणारा बहुधा घोडदळातून निवृत्त झालेला, त्याला सगळे उस्ताद म्हणणार. आठ-दहा घोडे एकामागे एक, मधोमध उस्ताद, आज्ञा इंग्रजीत. ‘क्विट अँड क्रॉस युवर स्टिरप्स’ ऐकू आलं की पाय रिकिबीतून काढायचे, दोन्ही रिकिबी खोगिराच्या पुढे फुलीसारख्या टाकायच्या आणि तशीच दुडकी. नव्या पद्धतीत पहिले पाच-सहा तास एक विद्यार्थी, एक घोडा आणि शिक्षकाच्या हातात सात-आठ मीटरची लाँजची दोरी, म्हणजे घोड्याला स्वतःभोवती गोल फिरवायची दोरी. वेग आणि दिशा शिक्षक बघतो. विद्यार्थ्याला लगाम देतच नाहीत.

लगाम न देण्याचं कारण घोड्याच्या तोंडात आहे. नवशिका तोल सांभाळायला लगाम धरतो. दुडकीत तो आपटला की हात उडतात आणि दर उडीला बिटाचा, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या दांडीचा, हिसका बसतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली जागा असते, बिट नेमकं तिथे टेकतं. तिथे हाडावर पातळ कातडीच असते. दुखलं की घोडा मान वर करतो, पाठ खाली दबते, दुडकी आणखी आदळते, आणि स्वार लगाम आणखी आवळतो. आठ जणांच्या रांगेत हे चक्र तोडायला उस्तादांना वेळ मिळत नाही. पंचेचाळीस मिनिटांत माणशी साडेपाच मिनिटं, एवढंच गणित.

त्यात शाळेचे घोडे पुष्कळदा शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे. लगाम ताणला तर बिटावर रेलून पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. म्हणून घाबरून खेचणाऱ्याखाली घोडा वेग वाढवतो. जॉकीचे पाय उंच असतात, त्यामुळे पोटरीच्या दाबाचा अर्थ त्यांना नव्याने शिकवावा लागतो. जॉकीला चालत्या घोड्यावरही बसवतात, म्हणून चढताना स्थिर उभं राहणंसुद्धा धड्यातच येतं. रेस सोडल्यावर हा घोडा किती महिने पुन्हा शिकवला, हे सरळ विचारा. उत्तर देताना अडखळले तर पुढची शाळा बघा.

म्हणून जुनं सगळं टाकाऊ ठरत नाही. रिकिबीविना दुडकीसारखा व्यायाम दुसरा नाही: मांडी लांब सुटते, कंबर सैल होते, बैठक खोल जाते. चूक क्रमात आहे. तोच व्यायाम दोरीवर, हात रिकामे ठेवून करवला तर घोड्याच्या तोंडाला धक्का बसत नाही. रांगेत अंतर राखायची शिस्त लागते आणि थोडी भीडही मोडते, पण रांगेतला घोडा पुढच्या शेपटीमागे जातो आणि विद्यार्थ्याला वाटतं, मीच वळवतोय. सहा महिने झालेल्या विद्यार्थ्याला रांगेतून काढून एकट्याने वीस मीटरचं वर्तुळ करायला सांगितलेलं बघा. खरी प्रगती तिथे कळते.

नव्या पद्धतीच्या नावाखाली गाजरं भरवून फोटो काढणाऱ्या जागाही आहेत. हातातून सतत खाऊ मिळाला की घोडा खिसे हुंगायला आणि चावायला लागतो. चांगला शिक्षक हे शिकवतो: आधी पोटरीचा हलका दाब, उत्तर नाही तर जरा जास्त, मग चाबकाची टिचकी, आणि घोडा निघाला की त्याच क्षणी दाब सोडायचा. सुटका हेच बक्षीस. जुन्या रांगेत ‘टाच मारा’ पावलापावलाला चालतं, त्याने घोडा टाचेला बधिर होतो.

दुसरा मोठा फरक खोगिराचा. जुन्या रिवाजात सईस घोडा कसून आणतो, तुम्ही बसता, उतरता, निघून जाता. नव्या पद्धतीत खोगीर विद्यार्थ्यानेच कसायचं. मराठा घोडदळात सरकारी घोड्यावरचा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. पण बारगिरालाही आपला तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसता यायचा. तंग तीनदा कसतात: खोगीर ठेवल्यावर सैलसर, थोडं चालवून पुन्हा, आणि बसल्यावर पाच मिनिटांनी शेवटचा. पहिल्यांदाच करकचला तर घोडा पोट फुगवतो, नंतर तंग सैल पडतो आणि चढताना खोगीर डावीकडे फिरतं. चढायला ठोकळा नसेल तर हा धोका वाढतो. नाकपट्ट्याखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटं जायला हवीत.

पडण्याबाबत नव्यांची बाजू घ्यावी. ‘सात वेळा पडल्याशिवाय स्वार होत नाही’ म्हणत लगेच पुन्हा बसवायची रीत डोक्याला मार असेल तर घातक आहे. त्या दिवशी स्वारी बंद, आणि ते हेल्मेटही बाद.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी आणि चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांसाठी दोरीवरचीच शाळा. वजन ऐंशीच्या पुढे असेल तर आधी घोडा केवढा मिळेल ते विचारा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला नव्वद. कॉलेजातल्या धडधाकट मुलाला रांग चालेल, आधी दहा तास दोरीवर झाले असतील तर. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली करवून घ्यायच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्यानंतर मुलांना ड्रेसाजला घालू बघणाऱ्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावं की तो संघ युरोपात राहून तयार झाला होता.

फी भरण्याआधी एकदा जुलैत तबेल्यात जाऊन या. खूर उचलून दाखवायला सांगा. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागातून काळा चिकटा निघत असेल आणि कुजका वास येत असेल, तर घोडा ओल्यात उभा राहतोय. तिथली शिकवण्याची पद्धत मग कितीही गोड असो.