हाँगकाँग, तैपेई, सोल, टोकियो: चार शहरांच्या प्रवासी कार्डांची पारख

ऑक्टोपस, इझीकार्ड, टी-मनी आणि सुइका. मशीनला टेकवलं की दार उघडतं, पैसे कापले जातात. तेवढ्यापुरती चारही कार्डं सारखीच. फरक कळतो तो पैसे भरताना, पैसे संपल्यावर आणि उरलेले परत मागताना. खालचे गुण याच तीन प्रसंगांवरून दिले आहेत.

टूरच्या कागदांत सहसा नसलेली एक गोष्ट आधीच सांगायला हवी: या कार्डांत पैसे भरायला बहुतेक ठिकाणी तिथलीच रोकड लागते. फोरेक्स कार्डावर भरपूर रक्कम आहे म्हणून निर्धास्त राहिलेलं कुटुंब सोलच्या भुयारी स्टेशनात मशीनसमोर अडतं, कारण तिथली बरीच मशीनं नोटाच मागतात. येन मागवून मिळतात, पण वॉन आणि तैवान डॉलर पणजी-मडगावात शोधत बसण्यात अर्थ नाही. अमेरिकन डॉलर न्यावेत आणि उतरल्यावर विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीत गरजेपुरते बदलून घ्यावेत.

ऑक्टोपस, १० पैकी ९. हाँगकाँगात १९९७पासून चालू असलेलं हे कार्ड अजूनही चौघांत सगळ्यांत समजूतदार. मोठ्यांचं साधं कार्ड १५० हाँगकाँग डॉलरला मिळतं: ५० अनामत, १०० वापरायला. पर्यटकांसाठीचं ३९ डॉलरचं कार्डही दिसेल, पण ते विकत घ्यायचं असतं, त्यात शिल्लक नसते आणि ३९ परत मिळत नाहीत. म्हणून अनामतवालंच मागावं. खरी करामत पैसे संपताना दिसते. थोडी जरी शिल्लक असली तरी एक प्रवास वजा शिल्लकीत होऊ देतात. ऑक्टोबर २०१७नंतर दिलेल्या कार्डांवर ५० डॉलरपर्यंत. अनामत कंपनीकडे असतेच, त्यामुळे तिचं नुकसान होत नाही आणि तुम्ही गेटच्या आत अडकत नाही.

हाँगकाँगची मेट्रो म्हणजे एमटीआर. तिच्या गेटवर आता व्हिसाचं कॉन्टॅक्टलेस कार्डही चालतं, मग ऑक्टोपस कशाला? मिनीबससाठी. हिरव्या मिनीबसचा ड्रायव्हर सुटे परत देत नाही. गोव्यातल्या कदंब बसच्या कंडक्टरसारखं ‘सुटे नंतर देतो’ तिथे नाही. ट्राममध्ये मागून चढायचं आणि पुढून उतरताना कार्ड टेकवायचं. गोव्यात चोडणच्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट लागत नाही, त्या सवयीने स्टार फेरीच्या फिरत्या दारातून तसंच पुढे जाऊ नये. तिथे काही डॉलर कापले जातात. एक गुण कापला तो परतफेडीवर. नव्वद दिवसांच्या आत कार्ड परत केलं तर थोडं शुल्क घेतात, म्हणजे पर्यटकाला ते भरावंच लागतं.

इझीकार्ड, १० पैकी ७. कार्डाचे १०० तैवान डॉलर गेले ते गेले, बाकी तक्रार नाही. कोपऱ्यावरच्या कुठल्याही सेव्हन-इलेव्हनमध्ये मिळतं आणि भरलं जातं. मेट्रोचं भाडं २०पासून सुरू होतं, त्यामुळे ५०० भरले की तीन दिवस आरामात निघतात. विमानतळाच्या मेट्रोचे जाता-येता प्रत्येकी सुमारे १५० वेगळे धरावेत. मेट्रोत पिवळ्या रेषेपलीकडे खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, च्युइंगगमही नाही. दंड १,५०० ते ७,५०० तैवान डॉलर. उकाड्यात मुलं तहानलेली असतात, तेव्हा पाणी गेटच्या बाहेरच पाजावं.

टी-मनी, १० पैकी ६. कार्ड चांगलं आहे, गुण गेले ते रोकडीच्या हट्टामुळे. सीयू किंवा जीएस२५ दुकानात काही हजार वॉनला कार्ड घ्यायचं, ती किंमत परत नाही. जून २०२५पासून सोल मेट्रोचं किमान भाडं १,५५० वॉन झालं आहे, म्हणजे दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर तीन दिवसांना २० हजार जेमतेम पुरतात. विमानतळाची रेल्वे धरून माणशी ३० हजार भरावेत. बसमधून उतरताना कार्ड पुन्हा टेकवायलाच हवं. न टेकवलं तर पुढच्या मेट्रोला बदलीची सवलत मिळत नाही. ही सवलत उतरल्यापासून ३० मिनिटं, रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात तासभर.

नवख्यांची आणखी एक फसगत इथे होते. काही स्टेशनांत दोन दिशांची गेटं वेगळी असतात. चुकून उलट्या बाजूला शिरलात तर बाहेर पडून १५ मिनिटांत त्याच स्टेशनात पुन्हा शिरा, सोल मेट्रो दुसरं भाडं घेत नाही. गुगल मॅप्स मात्र कोरियात पायी रस्त्याला कुचकामी आहे. नेव्हर मॅप हे कोरियन अ‍ॅप घरूनच टाकून घ्यावं.

दिवसभर मेट्रोच मेट्रो असेल तर क्लायमेट कार्ड या सोलच्या हव्या तितक्या फेऱ्यांच्या कार्डाचा पर्यटक पास बघावा: तीन दिवसांचा १०,००० वॉन, वर कार्डाचे ३,०००. तो मुख्यतः सोलच्या हद्दीतला, शिनबुंदांग मेट्रो मार्गावर चालत नाही.

सुइका, १० पैकी ८. चिपच्या टंचाईमुळे २०२३मध्ये विक्री थांबली होती. साधं कार्ड मार्च २०२५पासून पुन्हा मिळू लागलं. ५०० येन अनामत, कमाल शिल्लक २०,०००. दुकानं, शीतपेयांची यंत्रं, लॉकर, सगळीकडे चालतं. पण ऑक्टोपसची उधारी इथे नाही. शिल्लक कमी पडली की बाहेरचं गेट फटकन बंद होतं आणि मागे रांग तुंबते. घाबरू नये, गेटच्या आतच भाडं पुरं करायचं मशीन असतं, तिथे नोट घालून फरक भरायचा. फोनवरच्या सुइकाचा नाद अँड्रॉइडवाल्यांनी सोडावा, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनांत त्याला लागणारी जपानी सोय नसते. टोकियोत टेकवून ओसाकात बाहेर पडता येत नाही, बुलेट ट्रेनचं तिकीट वेगळं काढावं लागतं. त्यासाठी सात दिवसांचा जपान रेल पास गळ्यात मारला जात असेल तर नाही म्हणावं. ऑक्टोबर २०२३मध्ये तो ५०,००० येनांचा झाला. टोकियो-ओसाका जाऊन-येऊन ३० हजारांच्या आत होतं.

चारही कार्डं एकाच पाकिटात ठेवून पाकीटच टेकवायची सवय नको. ऑक्टोपस आणि सुइका फेलिका या एकाच चिप-तंत्राची, त्यामुळे मशीन गोंधळतं आणि लाल दिवा लागतो. चालू शहराचं कार्ड मोबाइलच्या कव्हरात, बाकीची बॅगेत. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, माणशी एक लागतंच. मुलांचं अर्धं भाडं हाँगकाँगात ३ ते ११ वयाला, टोकियोत ६ ते ११. मुलांचं सुइका काउंटरवर पासपोर्ट दाखवूनच देतात. सोलमध्येही दुकानदाराला पासपोर्ट दाखवून जन्मतारीख नोंदवून घ्यावी, नाहीतर पोराचं भाडं मोठ्या माणसाचं कापलं जातं.

चारही शहरं एकाच सहलीत करायची असतील तर क्रम दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवावा आणि ६ मेनंतर निघावं. त्याआधी जपानात गोल्डन वीक, चीन-हाँगकाँगात १ मेची गर्दी, कोरियात ५ मेचा बालदिन. जूनमध्ये टोकियोत पाऊस सुरू होतो, जूनअखेर सोलमध्ये. व्हिसाचा क्रम मात्र उलटा: आधी जपान आणि कोरिया, कारण तो व्हिसा असला की तैवानच्या ऑनलाइन प्रवासपत्राचा रस्ता खुला होतो. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांसाठी मोफत ऑनलाइन पूर्वनोंदणी लागते. घरात कुणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर जपान आणि हाँगकाँगसाठी त्याला व्हिसाची भानगड नाही. बाकीच्यांचे कागद त्याच्या भरवशावर उशिरा करू नयेत, एवढंच.

परतीच्या दिवशी: टी-मनीतली २० हजारांखालची शिल्लक दुकानात ५०० वॉन कापून मिळते. सुइका परत करताना शिल्लकीतून २२० येन कापतात, म्हणून आधी स्टेशनातल्या दुकानात काहीतरी घेऊन शिल्लक शून्य करावी, मग जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या काउंटरवर अनामतीचे ५०० पूर्ण हातात येतात. पर्यटकांसाठीचं वेलकम सुइका घेतलं असेल तर हा खटाटोप करू नये. त्याला अनामत नाही, शिल्लक परत नाही, आणि २८ दिवसांनी ते बंद होतं.