तीस बाय चाळीस फुटांच्या साईटवर (प्लॉटवर) बकुळ, जांभूळ की सीताअशोक?

बेळगावात घराची वास्तुशांत झाली की नर्सरीतून ‘अशोक’ येतो. तो खांबासारखा सरळ वाढणारा आसुपालव असतो, आणि त्याच्या सावलीत धड सायकलही उभी राहत नाही. बारा महिने हिरवं आणि आपल्या घाटातलंच झाड हवं असेल, तर निवड बकुळ, जांभूळ आणि सीताअशोक या तिघांत करावी. त्याआधी आपलं घर जिल्ह्याच्या कुठल्या टोकाला आहे ते बघावं. खानापूर-जांबोटीकडं लाल माती आणि धो धो पाऊस, तर अथणी-रायबागकडं काळी माती आणि वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर.

शहरातल्या साईटसाठी माझं मत बकुळीला. वाढायला ती फार सावकाश, पहिली काही वर्षं तर जागची हलत नाही असंच वाटतं. पण हाच तिचा गुण. भिंत उचकटत नाही, अंगावर येत नाही, आणि छाटली तरी रुसत नाही. समोरून हेस्कॉमची (वीज कंपनीची) तार जात असेल तर हे फार महत्त्वाचं. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईतही तग धरते. पानं जाड, चकचकीत, सावली दाट. फुलं पहाटे खाली पडतात आणि सुकली तरी त्यांचा वास टिकून राहतो. फळं केशरी, चवीला तुरट. पोरं खातात, मोठी माणसं एक खाऊन थांबतात. फुलं लवकर हवी असतील तर कलम मिळतं का ते विचारा. बियांच्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं लागतात.

जांभूळ मात्र मोकळ्या जागेचं झाड. खानापूरकडची जांभळं बेळगावच्या बाजारात कितीही गोड लागली, तरी झाड साठ-सत्तर फूट सहज जातं. घरापासून पंचवीस फूट तरी लांब हवं. फांद्या ठिसूळ असतात. मे महिन्यात वळीव वाऱ्यासकट आला की त्या मोडतात, आणि खाली कार लावली असेल तर काय होतं ते सांगायला नको. त्यातून फळांचे जांभळे डाग फरशीवर. शेताच्या बांधावर, विहिरीकडंला लावा. पाणी साचणारी जागाही त्याला चालते.

देखणेपणात सीताअशोकाला तोड नाही. तांबूस, लोंबती कोवळी पालवी आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास खोडाफांद्यांनाच फुटणारे नारिंगी-लाल झुबके. पण जंगलात तो ओढ्याकाठचा, ओलाव्यात आणि अर्ध्या सावलीत वाढणारा. खानापुरात घरामागं न्हाणीघराचं पाणी जातं तिथं खुशाल लावा. पश्चिमेकडं तोंड असलेल्या साईटवर एप्रिलच्या उन्हात पानं करपतात. रोप घेताना पान बघा: सीताअशोकाचं पान संयुक्त, म्हणजे एकाच देठावर छोट्या पानांच्या (पर्णिकांच्या) चार-सहा जोड्या, आसुपालवाचं एकेकटं, लांब, कडा लाटांसारख्या.

अथणी-रायबागच्या काळ्या रानात या तिघांपैकी बकुळच त्यातल्या त्यात, तीही पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी असेल तर. नसेल तर सरळ करंज लावा. उन्हाळ्याच्या तोंडाला तो थोडे दिवस पानं गाळतो, म्हणजे काटेकोर सदाहरित नव्हे. पण लगेच पोपटी पालवीनं भरतो, आणि शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. बकुळीला मात्र पहिली काही वर्षं कुंपण लागेलच.

लावणी जूनमध्ये, पाऊस नीट लागल्यावर. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मातीत शेणखत. लाल मातीत वाळवी असते म्हणून मूठ-दोन मूठ निंबोळी पेंडही. काळ्या मातीत रोप थोड्या उंचवट्यावर बसवा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतात. आणि जागा एकदाच ठरवा, कारण काही जाती सोडल्या तर मोठं झालेलं झाड तोडायला कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष कायद्याखाली वनखात्याकडं परवानगी मागावी लागते, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी.