नार्मेरच्या शिलापटाची प्रतिकृती : ओतकाम चांगले, माहितीपत्रक अतिरंजित

प्राचीन इजिप्तमधील राजा नार्मेर याच्या शिलापटाची ही रेझिनमध्ये ओतलेली प्रतिकृती मूळ वस्तूच्या साधारण निम्म्या उंचीची आहे. इ.स.पूर्व ३१०० च्या सुमाराचा मूळ शिलापट सुमारे ६४ सेंटिमीटर उंच असून तो १८९७-९८ च्या उत्खननात दक्षिण इजिप्तमधील हिएराकॉनपोलिस या प्राचीन नगरातील मंदिराच्या आवारात सापडला. डोळ्यांना लावायचे रंग उगाळण्याची सहाण हे त्याचे मूळ रूप. मात्र एवढी मोठी आणि नक्षीदार सहाण रोजच्या वापरासाठी नव्हे, तर देवाला अर्पण करण्यासाठीच घडवली असावी.

हातात घेऊन उलटून पाहता येते, हा या प्रतिकृतीचा खरा लाभ. एका बाजूला दक्षिणेचा पांढरा मुकुट घातलेला राजा गुडघे टेकलेल्या शत्रूवर गदा उगारतो, तर दुसऱ्या बाजूला तोच राजा लाल मुकुट घालून, ज्यांची मुंडकी उडवलेली आहेत अशा दहा शत्रूंच्या रांगांकडे मिरवणुकीने चालला आहे. पुढे हा लाल मुकुट उत्तरेचा मानला गेला. दोन्ही प्रदेश एका राजाचे झाले, हे सांगणे शिलापट उलटल्याशिवाय पुरे होतच नाही. त्यामुळे सोबतची बैठक मला गैरसोयीची वाटली, कारण तिच्यावर ठेवल्यास मागची बाजू भिंतीकडे जाते.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकाने मात्र या वस्तूला थेट जगातील पहिल्या राष्ट्राचा जन्मदाखला ठरवले आहे, आणि ते मान्य करणे कठीण आहे. गदा उगारण्याची मुद्रा नार्मेरच्या आधीची असून हिएराकॉनपोलिसमधील १०० क्रमांकाच्या थडग्यातील भित्तिचित्रातही ती दिसते. शिलापटावरील, लांब माना एकमेकींत गुंतवलेल्या दोन श्वापदांची कल्पना तर मेसोपोटेमिया आणि एलाम (आजच्या इराणचा नैर्ऋत्य भाग) येथील कलेशी नाते सांगते. शिवाय येथे बोलतो तो राजा. नाईलकाठचा शेतकरी स्वतःला कोण समजत होता, याविषयी हा दगड मुका आहे. माझ्या मते खरे महत्त्व आहे ते पुढील सातत्याला. सीमेच्या आत सुव्यवस्था, बाहेर अराजक आणि दोहोंमध्ये उभा असलेला राजा, ही मांडणी न्युबियन (इजिप्तच्या दक्षिणेकडील), लिबियन आणि आशियाई शत्रूंची चित्रे बदलत तीन हजार वर्षे टिकली. दक्षिण इजिप्तमधील एस्नाच्या मंदिरात तर रोमन सम्राटही त्याच मुद्रेत कोरले गेले. ओळख घडली ती एका विजयातून नव्हे, तर अशा पुनरुक्तीतून. माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही.

ओतकामात श्वापदांच्या माना आणि राजामागचा पादत्राणे वाहणारा सेवक सुबक उतरले आहेत. परंतु राजाचे नाव लिहिणारी मासा आणि छिन्नी ही दोन चिन्हे जवळजवळ पुसट झाली असून, मूळच्या हिरवट करड्या दगडापेक्षा रंगही बराच गडद आहे. वर्गात दाखवण्यासाठी घ्यायची असल्यास याच विक्रेत्याकडील मोठ्या आकाराची प्रत मागवावी आणि बैठक वगळावी.