वाती, गव्हले की रंगकाम? स्मृतिभ्रंश झालेल्या हातांना काय द्यावं

सासूबाईंना अल्झायमरचं निदान झालं तेव्हा मी पहिल्यांदा आणलं ते मुलांचं रंगवायचं पुस्तक आणि खडूंची पेटी. त्यांनी अस्वलाचं चित्र पाहिलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "कुणाच्या मुलाचं राहिलंय गं हे? देऊन ये." पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला आपण काय देतोय, हे मला त्या क्षणी कळलं. त्या गेल्यानंतर मी एका वृद्धाश्रमात आठवड्यातून दोन दुपारी जाऊ लागले. तिथल्या निम्म्याहून अधिक जणांना कमीजास्त स्मृतिभ्रंश आहे. घरी किंवा संस्थेत हस्तकलेचं काही सुरू करावं असं मनात असेल, तर काय निवडावं आणि काय टाळावं, हे त्या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हस्तकलेनं अल्झायमर थांबत नाही, की गेलेली आठवण परत येत नाही. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेनं २०१८ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना त्यांच्या आवडीनुसार कृती द्याव्यात असं सांगितलं, तेही त्यांना बरं वाटावं म्हणून. अपेक्षा तेवढीच ठेवावी. हात गुंतले की येरझाऱ्या कमी होतात, पदर ओढत बसणं थांबतं आणि माणूस जरा बोलता होतो. ज्यांनी हे दिवस घरात काढलेत त्यांना याचं मोल ठाऊक आहे.

या आजारात मेंदूचा जो भाग नव्या घटना साठवतो त्यावर घाला लवकर पडतो. वर्षानुवर्षांच्या सरावानं हातात बसलेली कामं मेंदू दुसरीकडे सांभाळतो आणि ती बरीच उशिरापर्यंत टिकतात. सकाळी नाष्टा केला की नाही हे न आठवणारी आजी वात मात्र बरोबर वळते, ती त्यामुळेच. म्हणून मी नवीन कला शिकवायच्या भानगडीत पडत नाही. त्या हातांनी आयुष्यभर काय केलं, हे मुलांना, सुनांना विचारते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतात त्या वाती. सरकी काढलेला कापूस, वाटीत थोडं दूध किंवा पाणी, एवढंच सामान. फुलवात छोटी असते, एका मिनिटात होते आणि प्रत्येक वात स्वतःपुरती पूर्ण असते, त्यामुळे मध्येच उठून गेलं तरी काही अर्धवट राहत नाही. चातुर्मासात लक्ष वाती केलेल्या बायकांना तर सांगावंही लागत नाही. पण सुरुवात त्यांच्याकडून होत नाही, ती आपण करायची. "वाती वळा" असं सांगून मी उठून गेले की कापूस तसाच पडून राहतो. शेजारी बसून मी स्वतः दोन वाती वळल्या की तिसरी त्या उचलतात.

एक आजी पहिल्या दिवशी टेबलावर नुसता हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, वात विसरल्या. तिथली मावशी म्हणाली, "ताई, पांढऱ्या चादरीवर पांढरा कापूस, त्यांना दिसतच नाहीये." आम्ही खाली जुन्या मरून साडीचा तुकडा अंथरला. आजींनी चिमूटभर कापूस उचलला, तर्जनी दुधात बुडवली, टोकाला पीळ दिला आणि वात पुढ्यात उभी केली. या आजारात एकमेकांजवळच्या रंगांतला फरक ओळखणं अवघड होतं. तेव्हापासून आमच्याकडे गडद कापड आधी येतं, सामान नंतर. चकचकीत स्टीलचं ताट तर नकोच, त्यात दिव्याचं प्रतिबिंब पडून गोंधळ होतो.

वातींचा धोका एकच, पण मोठा. आजार पुढे गेला की हातात येईल ते तोंडात जातं, आणि कापूस घशात अडकू शकतो. एकदा जरी कापूस ओठांपाशी गेलेला दिसला तरी त्या व्यक्तीच्या वाती मी बंद करते.

तिथून पुढे कणीक. माझ्या मते उशिराच्या टप्प्यासाठी हिच्याइतकं चांगलं काहीच नाही. शाडूची माती मीही आणून पाहिली. गणपतीच्या दिवसांत मूर्ती करताना सगळे खूश होतात, पण थंडीत ती हाताला गार लागते, वाळली की धूळ होते आणि नखांतली माती काढताना आजी रडकुंडीला येतात. कोमट पाण्यात भिजवलेली, तेलाचा हात लावलेली कणीक हाताला ऊब देते. ज्यांना काहीच जमत नाही त्यासुद्धा ती तिंबत बसतात. ज्यांना जमतं त्यांच्याकडून दीप अमावास्येच्या सुमारास कणकेचे दिवे करून घ्यावेत.

आणि ज्यांनी लेकींच्या रुखवतासाठी वळवट केलंय त्यांच्याकडून गव्हले! रवा-मैद्याचा घट्ट गोळा, त्यातून मोहरीएवढा कण खुडायचा आणि दोन बोटांत फिरवून गव्हाच्या दाण्यासारखा करायचा. चार दिवस वाळवून त्यांचीच खीर करता येते. हे बारीक काम जमणार नाही असं आपण धरून चालतो. आमच्या एक आजी स्वतःच्या मुलाला 'दादा' म्हणून हाक मारतात, पण त्यांचे गव्हले एकाच मापाचे असतात. मी वळलेला जाडा गव्हला त्यांनी उचलून बाजूला ठेवला. पिठाचा चिमूटभर गोळा तोंडात गेला तर कापसाइतकी धास्ती नाही. तरी कच्चं पीठ खाऊ देऊ नये, आणि ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्याजवळून हलू नये. खेळायच्या पिठात टिकावं म्हणून भरपूर मीठ घालतात, ते इथे घालू नये. मुठीनं खाल्लं तर अपाय होतो.

फुलं यांच्या मधे कुठेतरी येतात. झेंडू, शेवंती, मोगरा पुढ्यात आले की वासानंच चेहरे खुलतात, आणि या बाबतीत वाती किंवा कणीक फुलांच्या पासंगालाही पुरत नाहीत. पण हार म्हटला की सुई आली. सुई द्यायची तर एका माणसामागे एक माणूस हवा आणि उठताना सुया मोजायच्या. एवढी माणसं नसतील तर झेंडूच्या पाकळ्या सुट्या करायला द्या आणि त्यांची रांगोळी टेबलावरच मांडा. गजरा बोटांनी गुंफणाऱ्या आजी भेटल्या तर सोन्याहून पिवळं, त्यांना केळीचं सोपट आणि मोगरा पुरतो, सुई लागत नाही. बाजारातली फुलं आधी धुवावीत. अंगणातली कण्हेर आणि बिट्टी मात्र या टोपलीत चुकूनही येऊ देऊ नका, दोन्ही विषारी आहेत. पिठाची किंवा दगडी भुकटीची रांगोळी मी सोडून दिली आहे. जमिनीवर वाकताना तोल जातो, ठिपके मोजता येत नाहीत आणि भुकटी डोळ्यांत जाते.

विणकाम ज्यांना येतं त्यांना सुरुवातीच्या टप्प्यात जरूर द्यावं, पण टाके मोजायचं काम हातातून लवकर निसटतं. उसवलेलं विणकाम दिसलं की त्या स्वतःवरच चिडतात. अशा वेळी सुया काढून घ्या आणि लोकरीच्या लडीचा गोळा करायला द्या. त्याच्याही पुढच्या टप्प्यावर मी जुन्या साड्यांचे काठ, खणाचे तुकडे, एक मोठं बटण आणि एक नाडी शिवून छोटी गोधडी करते. हातांना तो चाळा पुरतो. बटण मात्र ओढून न निघेल असं घट्ट शिवायला हवं.

रंगकामाबद्दल माझं मत जरा कडक आहे. बहुतेक संस्था तिथूनच सुरुवात करतात, कारण भिंतीवर लावायला काहीतरी मिळतं. पण ज्यानं कधी कुंचला धरला नाही त्याला या वयात कोरा कागद देणं म्हणजे "मला येत नाही" हे पुन्हा एकदा त्याच्या तोंडून वदवून घेणं. ज्याचा हात मुळात चित्राचा आहे त्याची गोष्ट वेगळी. लंडनमध्ये राहणारे चित्रकार विल्यम उटरमोलन यांना १९९५ साली अल्झायमरचं निदान झालं आणि त्यानंतरही काही वर्षं ते स्वतःच्याच चेहऱ्याची चित्रं काढत राहिले, चित्रातला चेहरा विस्कटत गेला तरी. तुमच्याकडे असं कुणी असेल तर गेरूच्या कागदावर पांढरा रंग द्या, ठळक दिसतो. कुंचला धुवायचं पाणी पेल्यात ठेवू नका, ते प्यायलं जातं. पसरट मातीचं भांडं बरं.

आजोबांचा विचार बहुतेक ठिकाणी होतच नाही. वाती त्यांच्यापुढे ठेवल्या की ते मान फिरवतात. शेतकरी असतील तर सुतळीला पीळ द्यायला द्या, सुतारकामाचा हात असेल तर लाकडाचा तुकडा आणि बारीक पॉलिश पेपर. बाकीच्यांना आमच्याकडे वर्तमानपत्राच्या पिशव्या जमल्या. एकानं घडी घालायची, दुसऱ्यानं खळ लावायची. खळ गव्हाच्या पिठाची, घरी शिजवलेली आणि त्यात मोरचूद अजिबात नको. टिकावं म्हणून काही जण घालतात, पण ते विष आहे. या पिशव्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातात. एक निवृत्त कॅशियर आजोबा दहा-दहाचे गठ्ठे मोजून रबर लावतात. गठ्ठ्यात कधी आठ असतात, कधी तेरा, आम्ही नंतर गुपचूप सारखे करतो.

तेव्हा आजीचा आजार सुरुवातीचा असेल तर वाती किंवा फुलं, पुढे गेला असेल तर कणीक, आणि आजोबा असतील तर आधी त्यांचा धंदा विचारा. वेळ नाष्ट्यानंतरची, दहा-साडेदहाची, आणि वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. दिवेलागणीला ज्यांची घालमेल वाढते त्यांच्यासाठी मी थोडं सामान राखून ठेवते. पहिल्या दिवशी पावशेर कापूस आणला तर महिनाभर पुरतो.