टर्बो ड्रॅग कारचा टॉर्क कन्व्हर्टर : आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणारा भाग. पहिला कन्व्हर्टर घेताना मी फक्त एकच गोष्ट सांगितली होती: ५००० चा स्टॉल हवा, म्हणजे गाडी जागीच धरली तरी इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांपर्यंत चढावं. बनवणाऱ्याने तो दिला आणि तिथेच घोळ झाला. स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नसतो, तो इंजिनच्या टॉर्कवरही ठरतो. टॉर्क चौपट झाला तर त्याच कन्व्हर्टरचा स्टॉल साधारण दुप्पट होतो. टर्बो गाडीत बूस्टआधीचं (टर्बोने हवा दाबून भरण्याआधीचं) इंजिन आणि बूस्टनंतरचं इंजिन ही जणू दोन वेगळी इंजिनं असतात, आणि दोघांना एकाच कन्व्हर्टरवर भागवावं लागतं.

गाडी सिंगल टर्बो व्ही-८, तीन गिअरचा टर्बो ४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ट्रान्सब्रेकसह (म्हणजे गिअरबॉक्स आतून अडवून गाडी जागीच धरणारी सोय). जुना कन्व्हर्टर सैल होता, म्हणजे इंजिनला जास्त मोकळं फिरू देणारा. ट्रान्सब्रेकवर दोन सेकंदांत बूस्ट यायचा, त्यामुळे मी खूश होतो. पुढे बूस्ट वाढवत गेलो तरी शेवटचा वेग मात्र जागचा हलेना. ड्राइव्हशाफ्टला (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला) सेन्सर बसवला तेव्हा कारण दिसलं. तिसऱ्या गिअरमध्ये गुणोत्तर १:१, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट यांच्या फेऱ्यांतला फरक ही सरळ कन्व्हर्टरची स्लिप. शेवटच्या रेषेवर इंजिन ७३०० आणि शाफ्ट ६१३०. सोळा टक्के स्लिप! एवढी ताकद चाकांपर्यंत न जाता तेल तापवण्यात जात होती. पॅनमधलं तेल काळपट झालं होतं, जळका वास येत होता.

दुसऱ्या वेळी गाडीचं वजन, टायरची उंची, मागचं गिअर गुणोत्तर, टर्बोचं माप, लाँचचा आणि वरचा बूस्ट, शिवाय आधीच्या रनचे लॉग, असं सगळं दिलं. मिळालेला कन्व्हर्टर बोल्टेड आहे, म्हणजे उघडून आतला स्टेटर (तेलाचा प्रवाह वळवून टॉर्क वाढवणारं पात्यांचं चाक) बदलता येतो. स्टेटरही कमी टॉर्क वाढवणारा निवडला. आधी हे मला उलटं वाटलं होतं. पण बूस्टवर सुटणाऱ्या गाडीत टॉर्क मुळातच भरपूर असतो. तो आणखी वाढवला की टायरची पकड सुटते. आता पहिल्या ६० फुटांत गाडी न घसरता धरून निघते, आणि रनमागून रन तशीच निघते.

आता रेषेवर इंजिन ६८०० आणि शाफ्ट ६३२०, स्लिप सात टक्के. शेवटचा वेग तीन टक्क्यांनी वाढला, तोही बूस्ट न वाढवता.

त्रासही आहे, तो लपवणार नाही. सुरुवातीला स्पूल व्हायला, म्हणजे टर्बो वेग घेऊन बूस्ट यायला, चार सेकंद लागत होते. शेजारचा स्टेज होऊन (सुरुवातीच्या रेषेवर लागून) बसलाय आणि आपला बूस्टचा काटा ढिम्म, तेव्हा जीव खालीवर होतो. टू-स्टेपवर (सुटण्याआधी इंजिनच्या फेऱ्या ठरावीक मर्यादेत ठेवणारी सोय) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतल्यावर हे तीन सेकंदांच्या आत आलं. गरम, विरळ हवेत अजूनही उशीर होतोच. शिवाय कन्व्हर्टर घट्ट असल्याने आयडलवरच गाडी पुढे ओढते, स्टेज करताना ब्रेक जोरात दाबून ठेवावा लागतो. ट्रान्सब्रेकवर उगाच ताटकळत राहू नका. गाडी उभी असताना इंजिनची जवळपास सगळी ताकद उष्णता होऊन तेलातच उतरते.

बसवताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण आत गेला आहे ना, हे नीट तपासा. गिअरबॉक्स इंजिनला जोडल्यावर फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) आणि कन्व्हर्टरमध्ये साधारण ३ ते ५ मिमी अंतर उरलं पाहिजे. अंतर उरलं नाही तर बोल्ट आवळून गाडी चालू करू नका, पंप फुटेल.

आठ महिन्यांत तेल दोनदा बदललं, दोन्ही वेळा लालच निघालं. पुढच्या हंगामात बूस्ट वाढवायचा आहे. तेव्हा स्लिप दहाच्या वर गेली, तर आणखी घट्ट स्टेटर टाकणार.